पाणकर

ब्रह्मपुरीहून आरमोरीकडे निघालं की वैनगंगेचा पूल लागण्याआधी रस्त्याच्या दोन्ही हातांना धानाच्या बांध्याच बांध्या दिसतात. त्या भागातल्या एका गावात, तलावाच्या पाळीखाली, गुरुजींचं घर आहे. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली. पण एक काम त्यांनी 1974 पासून न चुकता केलं. रोज रात्री जेवणाआधी वही उघडायची आणि चार ओळी लिहायच्या. पहिला पाऊस कधी आला, पाण्याने पाळीचा कितवा दगड गाठला, सलंग कोणत्या तारखेला चालू झाली, कोणाच्या बांधीत कोणता धान निसवला, मोह कधी गळायला लागला, तेंदूच्या फळीवर शंभर पुड्यांना काय भाव मिळाला, वाघाने कोणाची गाय नेली, मंडईच्या जत्रेच्या रात्री कोणतं नाटक झालं. अशा 27 वह्या झाल्या.

ही गोष्ट त्या वह्यांची आहे आणि त्या घरातल्या चार माणसांची.

थोरला वडशाला पोस्टरं छापतो. दिवाळीनंतर धान कापून झाला की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. कंपन्यांची कार्यालयं वडशाला, त्यामुळे त्या दिवसांत थोरल्याला जेवायला सवड नसते. त्याचं सगळं काम विंडोजवर. पोस्टरांचे फॉन्ट जुने, युनिकोडच्या आधीचे. ती फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ताई गडचिरोलीत राहून ग्रामसभांना वनहक्काचे दावे तयार करायला मदत करते. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाला त्याच्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा ती कॉलेजात होती, आणि त्या बातमीने तिची वाट ठरली. तिच्याकडे मॅक, त्यात नकाशे आणि हजारो फोटो. धाकटा नागपूरला इंजिनिअरिंग शिकून घरी परतला. तो घरून काम करतो आणि लिनक्सशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाही. चौथी थोरल्याची बायको. तिच्याकडे एक अँड्रॉइड फोन आणि गावातल्या बचत गटाची हिशेबाची वही. या चौथ्या माणसाकडे आधी कोणाचंच लक्ष गेलं नाही. वाचणाऱ्याने मात्र तिच्याकडे लक्ष ठेवावं.

वह्यांना वाळवी लागली तेव्हा ताईने पहिल्या 14 वह्यांचे पानापानांनी फोटो काढले. पुढच्या 13 थोरल्याने दुकानातल्या स्कॅनरवर घातल्या. पहिल्या 14 वह्यांचा कागद हातात घेताच भुगा व्हायचा. फोटो झाल्यावर गुरुजींनी त्या दारच्या आंब्याच्या बुडाशी पुरल्या. माती झाली तरी आपल्याच दारात राहील, एवढंच ते बोलले.

मग फोटो सगळीकडे झाले. थोडे ताईकडे, थोडे थोरल्याच्या पेनड्राइव्हवर, थोडे धाकट्याच्या लॅपटॉपवर. एका गावाच्या दाव्यासाठी ताईला 1987 सालचं एक पान हवं होतं. त्या गावची माणसं तलावाकाठच्या जंगलातून काय काय आणत, त्याची नोंद त्यात होती. पान तीन ठिकाणी सापडलं. एकात वरची ओळ कापलेली, एक आडवं, आणि एकावर कोणीतरी चुकीचं साल लिहिलेलं. दावा तोंडावर आलेला. ताई त्या रात्री फोनवर रडली.

"मी सगळ्यांसाठी एकच कोठार बांधतो," धाकटा म्हणाला.

त्याने थोरल्याच्या दुकानातलं एक निकामी झालेलं काँप्युटर घरी आणलं, पुसलं, त्यात डेबियन नावाचं लिनक्स घातलं. चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या आणि एकमेकींच्या आरशासारख्या जोडल्या, म्हणजे एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जाईल. एक डिस्क मेली तर दुसरी उभी. देवघराशेजारच्या कोनाड्यात तो डबा बसला. रात्री सगळे झोपले की त्याची घरघर ऐकू यायची.

पण कोठाराचं दार त्याने आपल्याला सोयीचं केलं. लिनक्सच्या यंत्रांना एकमेकांच्या फाइली सहज दिसाव्यात म्हणून एनएफएस नावाची एक जुनी रीत आहे. सन कंपनीने ती 1984 च्या सुमारास आणली. धाकट्याने तीच लावली. थोरल्याच्या विंडोजला ती बोली येईना. ताईच्या मॅकला येत होती, पण फाइलींचा मालक कोण यावरून रोज अडायचं. धाकट्याने उपाय सांगितला: दोघांनीही लिनक्स घ्यावं. त्याने मनापासून सांगितलं, शिकवायचीही तयारी दाखवली.

"माझं पोस्टरचं सॉफ्टवेअर त्यावर चालते का?" थोरल्याने विचारलं.

"नाही. पण दुसरं आहे."

"दुसऱ्यात माझे पंधरा वर्षांचे पोस्टर उघडतील?"

धाकटा गप्प बसला. दहा दिवस गेले. कोठारात फक्त धाकट्याच्याच फाइली होत्या.

गुरुजी हे सगळं खाटेवरून पाहत होते. एका रात्री त्यांनी धाकट्याला जवळ बसवलं आणि आपल्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगितली. धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या एका वाडीवर ती शाळा होती. तेव्हा वैनगंगेच्या दोन्ही काठांना एकच जिल्हा होता. गडचिरोली वेगळा झाला तो 1982 च्या ऑगस्टमध्ये. शाळेत 19 पोरं, सगळी गोंडी बोलणारी. मास्तर रोज मराठीत ओरडायचा, पोरं भिंतीकडे पाहायची. दोन महिन्यांत शाळेत उरली चार.

"मग एका दिवशी एक पोट्टी माठाकडं हात करून म्हणाली, येर. मी तिले पाणी देलं. ती हसली. त्या दिवशी मले कळलं, इथं शिकायचं मले आहे. मग मी पाराखाली नुसता बसत जाऊ. कोण कोणाले काय म्हनते, मग कोण काय करते, हे पाहत जाऊ. सहा महिने लागले. पोरं परत आली."

धाकट्याने मान वर केली. "बाबा, असंच एकाने केलं आहे."

आणि मग त्याने वडिलांना एक गोष्ट सांगितली. ती खरी आहे आणि मला फार आवडते. 1991 च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा एक विद्यार्थी पीएचडी करत होता. त्याच्या टेबलावर एक साधा पीसी होता आणि मोठी युनिक्स यंत्रं वेगळी. दोघांना एकमेकांच्या फाइली दिसत नव्हत्या. पीसी ज्या भाषेत फाइल मागायचा तिचं व्याकरण त्याच्या हातात नव्हतं. त्याने तारेवरून चाललेलं बोलणं नुसतं ऐकलं. पीसी काय विचारतो, समोरचा सर्व्हर काय उत्तर देतो, हे एकेक टिपलं, आणि मग आपल्या युनिक्सला तशीच उत्तरं द्यायला शिकवलं. पीसीला वाटलं, समोर आपल्यातलंच कोणीतरी आहे. त्या भाषेला एसएमबी म्हणतात. पुढे या प्रोग्रामचं नाव बदलायची वेळ आली तेव्हा त्याने शब्दकोशात एस, एम आणि बी ही तीन अक्षरं याच क्रमाने असलेले शब्द शोधले. त्यात 'सांबा' सापडला. तेच नाव राहिलं. ट्रिजेलने तो प्रोग्राम सगळ्यांना फुकट वापरायला खुला करून टाकला.

"आता मॅकही तीच बोली बोलते," धाकटा म्हणाला. "2013 पासून मॅकची पहिली पसंती तीच आहे. आणि विंडोजची तर घरचीच."

"मग तू कायले अडला?"

"मला वाटलं, माझी चांगली आहे."

"आहेच ना ती चांगली," गुरुजी म्हणाले. "तू आपल्या खोलीत बोल. दारात त्यांची बोल."

दुसऱ्या दिवशी धाकट्याने डब्यात सांबा लावलं. आतून डबा लिनक्सच राहिला, फाइली लिनक्सच्याच पद्धतीने डिस्कवर बसल्या. दारात मात्र तो प्रत्येकाशी त्याच्या ओळखीच्या बोलीत बोलू लागला. थोरल्याच्या यंत्रावर कोठार 'झेड' ड्राइव्ह म्हणून दिसलं. ताईच्या मॅकवर बाजूच्या पट्टीत आलं. वहिनीच्या फोनवर फाइलींच्या एका ॲपमधून उघडलं. प्रत्येकाला आपलं नाव आणि आपला पासवर्ड. एकच गोष्ट धाकट्याने ठाम नाकारली. वडशाच्या दुकानातलं एक्सपीचं म्हातारं यंत्र थोरल्याला घरी आणून जोडायचं होतं. ते या भाषेची फक्त पहिली, जुनाट आवृत्ती बोलायचं. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा जो व्हायरस जगभर पसरला, तो याच जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातून शिरला होता. इंग्लंडमधल्या दवाखान्यांची कामं त्याने थांबवली. एका यंत्रासाठी ते दार उघडं ठेवणं धाकट्याला पटेना. थोरला रागावला, पण त्याने ऐकलं.

पुढचे चार महिने घरात आनंद होता. ताई गडचिरोलीहून शनिवारी यायची आणि फोटो कोठारात उतरवायची. थोरला रात्री पोस्टरं ठेवायचा. धाकट्याने ताईच्या जुन्या मॅकवरचे 14 वह्यांचे फोटो थेट तारेने सर्व्हरवर ओढून घेतले. थोरल्याने स्कॅन केलेल्या 13 वह्या त्याने स्वतः ठेवल्या. 'कोठारात आहेच' म्हणून ताईने आपल्या यंत्रावरचे फोटो पुसले. तिची डिस्क लहान होती, दोष देता येत नाही.

नियम कोणी केले नाहीत. घरच्यांना कसले नियम? प्रत्येकाला सगळीकडे लिहिता येत होतं, सगळं पुसता येत होतं. ताईचे एकेका फोटोचे पाच-पाच नमुने, थोरल्याची 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरंच अंतिम' अशी पोस्टरं, मॅकने जाता जाता टाकलेल्या ठिपक्याने सुरू होणाऱ्या बारीक फाइली, आणि कोणी ठेवलं हे कोणालाच आठवत नाही असे लग्नाचे व्हिडिओ. चार टेराबाइट भरत आले.

मंडईच्या आधीची रात्र होती. थोरल्याला सकाळपर्यंत तीन कंपन्यांची पोस्टरं द्यायची होती. फाइल ठेवायला जागा नाही, असा निरोप आला. त्याने कोठार उघडून पाहिलं. एकाखाली एक दोन फोल्डर, दोन्हींचं नाव एकच: 'वाऱ्यापावसाच्या वह्या'. काना-मात्रेचा फरक नाही. त्याला वाटलं, धाकट्याने दोनदा ठेवलं. खालचं फोल्डर त्याने आपलं म्हणून ओळखलं. वरचं पुसलं.

नेटवर्कवरच्या फोल्डरमधून पुसलेली फाइल विंडोजच्या कचरापेटीत जात नाही. ती कायमचीच जाते. आरशासारखी दुसरी डिस्क होती. तिने त्याच क्षणी तेच केलं, कारण तिचं कामच ते. आणि मोकळ्या झालेल्या जागेवर थोरल्याने पोस्टरं ठेवली.

तीन दिवसांनी ताईने वही 6 मागितली.

ते दिवस मला लांबवायचे नाहीत. धाकट्याने डबा बंद केला, डिस्क काढल्या, नागपूरच्या मित्राकडून साधनं आणून तीन रात्री जागला. हाती आली ती अर्धी-मुर्धी पानं, वर आकाश आणि खाली करडी पट्टी. थोरला जेवत नव्हता. ताई कोणाशी बोलत नव्हती. ज्या वह्यांची मूळ पानं आंब्याच्या बुडाशी माती झाली होती, त्याच 14 गेल्या होत्या.

गुरुजींनी फक्त एक प्रश्न विचारला. "एका जागी एका नावाचे दोन फोल्डर राहू शकत नाहीत, असं तूच मले सांगत होता. मग हे दोन कसे राहिले?"

धाकट्यालाही ते उमगत नव्हतं. त्याने थोरल्याच्या लॉगमधून पुसलेल्या फोल्डरचं नाव काढलं, उरलेल्याचं नाव काढलं, आणि अक्षरांमागचे आकडे शेजारी शेजारी मांडले. फरक 'ऱ्या'त होता. आपला 'वाऱ्या'तला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक, स्वतंत्र अक्षर म्हणून, ज्याला आपला एकच क्रमांक आहे. दुसरी रीत म्हणजे साधा 'र' आणि त्याच्याखाली नुक्ता, असे दोन क्रमांक. युनिकोड दोन्हींना सारखंच मानतं, डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. विंडोजच्या कीबोर्डने पहिला लिहिला. ताईच्या जुन्या मॅकच्या डिस्कची रीत अशी की नाव ठेवताना ती अक्षर सुटं करून ठेवायची. लिनक्स बिचारं जे अंक येतील ते तसेच ठेवतं. त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं होती. चूक कोणाच्याच यंत्राची नव्हती. तिघं आपापल्या जागी बरोबर होती.

गुरुजींनी पाटी मागवली. त्यावर त्यांनी 'वाऱ्या' लिहिलं, शेजारी पुन्हा 'वाऱ्या' लिहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले. मग काठी घेतली. "चला पाळीवर," ते म्हणाले. "सगळे. सूनबाई, तूही."

संध्याकाळ होती. तलाव अर्धा. पाण्यापलीकडे जंगलाची काळी रेघ, मधे बेशरमाची झुडपं. गुरुजी पाळीवरच्या दगडावर टेकले.

त्यांनी जे सांगितलं ते या भागातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे, पण त्या तिघांनी कधी नीट ऐकलं नव्हतं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळी जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला जमीन मिळे, असं सांगतात. कोहळी लोकांनी त्यातले कितीतरी बांधले. तलावाला पाळ. पाळीत पाणी सोडायचं एक दार, ते तुडूम. जास्तीचं पाणी वाहून जायला सलंग. एका तलावाची सलंग खालच्या तलावात उतरायची, त्याची त्याच्या खालच्यात. आणि तुडुमावर एक माणूस, पाणकर.

"पाणकर गावानं ठरवलेला असे," गुरुजी म्हणाले. "धान निघाला की घराघरातून त्याले धान्य मिळे. कोणाची बांधी उंच, कोणाची खोल. कोणाचा हलका धान, कोणाचा भारी. कोणी रोवणा आधी करे, कोणी मागून. पाणकर कोणाले म्हनत नव्हता का तू आपली बांधी बदलव. त्यानं फक्त तुडूम पाहिलं. केव्हा उघडायचं, किती, कोणासाठी, आणि हात कोणी लावायचा नाही."

"आणि मग?" ताईने विचारलं.

"मग मालगुजारी गेली. ते बरंच झालं, ती गेली पाहिजेच होती. 1950 च्या कायद्यानं तलाव सरकारचे झाले. पण लोकांना वाटलं, सरकारचा आहे, सरकार पाहील. पाणकर गेला. ज्याले पाणी पाहिजे तो रात्री येऊन तुडूम उघडे. गाळ कोणी काढला नाही. मी शाळेत होतो तेव्हा इथं पाणी होळीपर्यंत राहे. आता पाहा."

सगळ्यांनी पाहिलं. गाळाची बेटं पाण्याबाहेर आली होती. त्यावर बगळे बसले होते.

थोरला म्हणाला, "बाबा, मी पुसलं."

"तू पुसलं," गुरुजी म्हणाले. "यानं आरसा ठेवला आणि त्याले राखण समजला. हिनं आपल्या घरचं बियाणं खाऊन टाकलं. मी कागद पुरले. आपण चौघांनी तुडूम उघडं टाकलं होतं." आणि मग ते नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांच्याबद्दल बोलले. हे नागभीड तालुक्यातलं नांदेड. 1983 मध्ये आपल्या शेतातल्या धानात त्या शेतकऱ्याला काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्याने त्या निवडल्या, वर्षानुवर्षं वेगळ्या लावल्या, आणि बियाणं लोकांना दिलं. तेव्हा एचएमटीचं घड्याळ लोकांच्या मनगटावर आलं होतं, तेच नाव धानाला पडलं. 2018 मध्ये दादाजी गेले. एचएमटी आजही घराघरांत शिजतो. "त्यांच्या घरी एका वर्षी पीक बुडालं असतं तरी ते वाण बुडालं नसतं," गुरुजी म्हणाले. "कोणाच्या ना कोणाच्या ढोलीत राहिलंच असतं."

तोवर वहिनी बोलली नव्हती. आता ती म्हणाली, "मामाजी, आत्याबाईंकडं पत्रं असतील ना?"

गुरुजींना क्षणभर समजलं नाही. मग समजलं. आरमोरीला त्यांची बहीण राहते. दर भाऊबीजेला गुरुजी ओवाळणीसोबत तिच्या हातात दोन पानं देत. त्या वर्षाचा पाऊस, तलाव, धान, गावात जन्मलेली आणि गेलेली माणसं, सगळं थोडक्यात. बहिणीला माहेरची खबर असावी म्हणून. त्यांनी त्याला कधी नक्कल म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी आणि ताई एसटीने आरमोरीला गेल्या. आत्याच्या लोखंडी पेटीत, कडुलिंबाच्या वाळल्या पानांखाली, 21 भाऊबीजेची पत्रं निघाली. 14 वह्यांच्या काळातली तीन वर्षांची तेवढी नव्हती. वह्यांत रोजच्या चार ओळी होत्या. पत्रांत वर्षाची दोन पानं. बाकीचं आलं नाही. ते आता येणार नाही. पण 1987 च्या भाऊबीजेच्या पत्रात एक वाक्य होतं, तलावाकाठच्या जंगलातून कोणत्या गावची माणसं काय आणतात याचं. ताईने ते पत्र छातीशी धरलं आणि आत्याच्या ओसरीवर बसून राहिली.

त्यानंतर घरात बैठक झाली. बचत गटाची होते तशीच, सतरंजीवर गोल बसून. कोणी कोणाला मत दिलं नाही. सगळ्यांना पटेपर्यंत बोलत राहिले, आणि त्यात दोन संध्याकाळी गेल्या. थोरल्याचं म्हणणं, किल्ली धाकट्याकडे असावी, त्याला कळतं. धाकटा म्हणाला, मला यंत्र कळतं, घर कळत नाही. शेवटी गुरुजी सुनेकडे वळले.

"मले काँप्युटर नाही येत, मामाजी," ती म्हणाली.

"बारा बायांचा हिशेब तुझ्याकडं आहे. एका रुपयाचं भांडण झालं का आजवर?"

नाही झालं. तिच्याकडे विंडोज नव्हतं, मॅक नव्हतं, लिनक्स नव्हतं. कोठारातल्या कुठल्याच बांधीत तिचा धान नव्हता. ती पाणकर झाली.

तिने ठरवलेल्या गोष्टी तिच्या वहीत आहेत, मी पाहिल्या आहेत. गुरुजींच्या वह्यांचं दालन सगळ्यांना फक्त वाचता येतं. त्यात भर घालायची तर तिला सांगायचं, ती घालते. प्रत्येकाला आपली एक बोडी, म्हणजे छोटा तलाव, तिथे त्याने हवं ते करावं. सामाईक तलावात जे टाकाल त्यावर नाव आणि तारीख. पुसलेली वस्तू 60 दिवस एका बाजूच्या खड्ड्यात पडून राहते, मग जाते. सांबात तशी सोय आहेच, धाकट्याने ती लावून दिली. फाइलीच्या नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह नको, विंडोजला ते चालत नाहीत. थोरल्याने आपली पोस्टरं जुन्या फॉन्टमध्येच करावीत, पण प्रत्येकाची एक पीडीएफ ठेवावी, म्हणजे ती सगळ्यांना वाचता येईल. दर पोळ्याला गाळ काढायचा. सगळ्यांनी बसून.

एका मुद्द्यावर तिचं आणि धाकट्याचं वाजलं. तो म्हणाला, नावात 'ऱ्या' येणारे शब्दच टाळू, 'वाऱ्यापावसाच्या' ऐवजी 'हवामान' लिहू. गुरुजी खाटेवर उठून बसले, पण त्यांच्या आधी वहिनीच म्हणाली, "भाऊजी, शेतकऱ्याले शेतकरीच म्हनाचं नाही का आता? तुम्ही दारात बसवा काहीतरी." धाकट्याने बसवलं. आता रोज रात्री दोन वाजता एक छोटा प्रोग्राम सगळी नावं तपासतो आणि सुटा पडलेला 'र' आणि नुक्ता जोडून पुन्हा एक 'ऱ' करतो. कोणत्याही यंत्रावरून काहीही येवो. आणि तसं करताना दोन नावं एक होत असतील, तर तो काही करत नाही. वहिनीच्या फोनवर निरोप पाठवतो आणि थांबतो.

राहिली सलंग. आणखी दोन डिस्क घेतल्या, छोट्या, चपट्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोठाराची नक्कल घरी असलेल्या एकीवर उतरते. मग वहिनी ती पातळाच्या तुकड्यात गुंडाळते, पिशवीत बचत गटाच्या वहीखाली ठेवते आणि आरमोरीच्या एसटीत बसते. नदीपलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात, आत्याच्या त्याच पेटीत जुनी डिस्क असते. ती काढायची, नवी ठेवायची, कडुलिंबाची ताजी पानं घालायची. जेवून परत यायचं.

गेल्या वर्षी मृगाच्या आधीच्या वादळात गावातल्या खांबावर वीज पडली. कोनाड्यातला डबा गेला. दोन्ही डिस्क गेल्या. जळका वास घरभर होता. थोरला आला, पाहिलं, आणि वहिनीकडे वळला.

"कोणता रविवार झाला?"

"पाच दिवस झाले," ती म्हणाली, आणि वहीत त्या पाच दिवसांत कोणी काय ठेवलं होतं ते वाचून दाखवू लागली. त्यात गुरुजींची 28 वी वही होती, पहिली आठ पानं. ती कागदावर घरातच होती. गुरुजी त्या वेळी त्याच वहीत लिहीत होते: वीज पडली, खांब गेला, माणूस-जनावर सुखरूप, पाऊस पाऊण तास, पाणी पाळीच्या चौथ्या दगडाला.